चार फुटांच्या पायावर

सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. माझीही गेली. पण तिथल्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला आधी खाली बघायला लावलं. फरशीतली एक लहानशी लादी बाजूला सारून त्यांनी खालच्या भोकात एक लांब काठी सोडली आणि वर काढून दाखवली. काठीचं टोक ओलं होतं. त्या ओलीकडे बघून बाईंच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. विहिरीला पाणी लागल्यावर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं तसं.

डोक्यावर ब्रिटनमधलं सर्वांत उंच चर्च-शिखर आहे, 404 फुटांचं. मनोरा आणि शिखर मिळून दगडाचा भार सुमारे 6,500 टन. आणि पाया? जेमतेम चार फूट. त्याखाली नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेल्या गोटेरी रेतीचा जाड थर आहे, तो पाण्याने भिजलेला. पाणी खोल गेलं, रेती सुकून खचली, तर वरच्या दगडाची खैर नाही. म्हणून ही काठी. दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातलं हे गाव बघताना मी नंतर दोन दिवस पाण्याचाच माग काढत फिरले.

खरं म्हणजे हे शहर पाण्याच्या ओढीनेच इथे आलं. मूळ वस्ती उत्तरेला दोन मैलांवरच्या ओल्ड सॅरमच्या टेकडीवर होती. लोहयुगातल्या मातीच्या तटांच्या आत नॉर्मन राजांनी किल्ला बांधला आणि त्याच्या शेजारी कॅथीड्रल. 1092 मध्ये त्याचा अर्पणविधी झाला आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची नासधूस केली. टेकडीवर वारा उदंड, पाण्याची टंचाई, आणि किल्ल्यातल्या शिपायांशी पाद्र्यांची कायमची तेढ. अखेर बिशप रिचर्ड पूअर यांनी पोपची परवानगी मिळवून खालच्या कुरणात नवं बांधकाम काढलं. 28 एप्रिल 1220 रोजी पायाचे दगड बसले आणि अवघ्या 38 वर्षांत मुख्य इमारत उभी राहिली. युरोपातली कितीतरी कॅथीड्रलं बांधायला शतकं लागली. इथे एका पिढीने सुरू केलेलं काम बहुतांशी तिच्याच डोळ्यांदेखत पुरं झालं, म्हणून आतल्या कमानींना आणि खिडक्यांना एकाच हाताचं वळण आहे.

शिखर मात्र त्या पिढीच्या आराखड्यात नव्हतं. ते चौदाव्या शतकात चढवलं गेलं. मधल्या चौकात उभं राहून चार मुख्य खांबांकडे नीट पाहिलं, तर ते भाराने वाकलेले साध्या डोळ्यांना दिसतात. 1668 मध्ये वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी पाहणी केली, तेव्हा शिखर सुमारे अडीच फूट कललेलं आढळलं. नंतरच्या मोजण्यांत त्यात फारशी भर पडलेली नाही. ज्या लाकडी पहाडावर उभं राहून गवंड्यांनी हे शिखर रचलं, तो आजही शिखराच्या पोटात आहे. त्या नावं नसलेल्या गवंड्यांपुढे मी मनोमन हात जोडले.

सॉल्सबरीला येणारे बहुतेक लोक कॅथीड्रलच्या चॅप्टर हाउसमधली 1215 ची मॅग्ना कार्टा ही सनद पाहतात (मूळच्या चारच प्रती उरल्या आहेत, त्यांतली ही एक), तासाभरात स्टोनहेंजची बस पकडतात आणि संध्याकाळी लंडनला परततात. त्यांनी निदान बाजारपेठेत तरी चालून यावं. इथल्या रस्त्यांची चौकटीची आखणी तेराव्या शतकातली आहे. मंगळवार आणि शनिवारचा बाजार अजून भरतो. फिश रो, बुचर रो, ओटमील रो ही नावं वाचली की कुठे काय विकलं जायचं ते कळतं. पण ‘न्यू कॅनल’ नावाच्या रस्त्यावर पाण्याचा थेंब नाही.

पूर्वी होता. एव्हन नदीचं पाणी वळवून ते रस्त्यांमधल्या उघड्या पाटांतून गावभर खेळवलेलं होतं, इतकं की लोक या गावाला इंग्लंडचं व्हेनिस म्हणत. पण ज्या पाटाचं पाणी लोक वापरत, त्यातच गटाराची घाण उतरे. 1849 च्या कॉलऱ्यात जवळजवळ 200 माणसं गेली. डॉक्टर अँड्र्यू बोगल मिडलटन यांनी पाट बुजवा, जमिनीखालून गटारं काढा, असा आग्रह धरला आणि विरोध पत्करून तो तडीस नेला. पाट उपसताना गाळात शतकांपासून पडलेल्या चाव्या, सुऱ्या, चमचे असं किती काय सापडलं. ते जपायला 1860 मध्ये वस्तुसंग्रहालय निघालं. आता ते कॅथीड्रलसमोरच आहे, आणि तिथे तो संग्रह ‘ड्रेनेज कलेक्शन’ याच नावाने मांडलेला आहे. गंजलेल्या किल्ल्यांच्या त्या काचपेटीसमोर मी मॅग्ना कार्टापेक्षा जास्त वेळ उभी होते. त्यांतली एखादी किल्ली हरवली त्या रात्री कोणीतरी घराबाहेर ताटकळलं असेल.

टेकडीवरची जुनी वस्ती ओस पडली, तरी ओल्ड सॅरम 1832 पर्यंत पार्लमेंटवर दोन सभासद पाठवत राहिलं. मतदार बोटांवर मोजण्याइतके. ही जागा 1691 मध्ये विकत घेतली थॉमस पिट यांनी, जे पुढे मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर झाले. तिथे त्यांनी कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला मोठा हिरा मिळवला आणि 1717 मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला. आज तो लूव्रमध्ये आहे. त्यांचा नातू विल्यम पिट 1735 मध्ये याच ओसाड टेकडीतर्फे पार्लमेंटात शिरला आणि पुढे साऱ्या ब्रिटनचा कारभारी झाला. टेकडीच्या पायथ्याच्या चर्चच्या मनोऱ्यावर थॉमस पिट यांचं नाव कोरलेलं आहे. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नदीच्या काठचा तो दगड मला त्या नावापाशी आठवत राहिला. जमिनीखाली उतरून तो काढणाऱ्या माणसांचं नाव कोणत्याच भिंतीवर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाउन पाथने हार्नमकडे निघाले. फेब्रुवारी होता. लांबची शेतं गोठलेल्या दवाने पांढरी पडली होती, पण पायवाटेच्या दोन्ही बाजूंची कुरणं हिरवीगार होती आणि गवतातून पाण्याचा पातळ पदर सरकत होता. ही इथली जुनी रीत आहे. भोवतालच्या टेकड्या खडूच्या. पावसाचं पाणी खडूत मुरतं आणि झऱ्यांतून बारा महिने जवळपास सारख्याच उबेने, दहाएक अंशांनी, बाहेर येतं. हिवाळ्यात ते नॅडर नदीतून वळवून कुरणाच्या उंच वरंब्यांवर चढवायचं, उतारावरून पसरू द्यायचं आणि खालच्या चरांनी परत नदीला सोडायचं. पाणी वाहतं ठेवलं की जमीन गोठत नाही, आणि इतर ठिकाणी गवत यायच्या कितीतरी आठवडे आधी इथे कोवळा चारा तयार होतो. वेतानंतरच्या मेंढ्यांना तो मिळे. दिवसभर त्या कुरणात चरत, रात्री टेकडीवरच्या नांगरटीत कोंडल्या जात आणि त्यांच्या लेंड्यांवर गहू-बार्ली पिके. धनगराचा कळप शेतात बसवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही.

दारं उघडमीट करून पाणी फिरवणाऱ्या माणसाला इथे ‘ड्राउनर’ म्हणत. आपल्याकडे पांझरा नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या फडांतल्या पाटकऱ्याचंच हे काम. फरक एवढाच की तो तहानेल्या पिकाला पाणी पाजतो आणि हा थंडीने आखडलेल्या गवताला ऊब देतो.

याच बाजूने चित्रकार कॉन्स्टेबलने कॅथीड्रल रंगवलं, 1831 च्या चित्रात काळ्या ढगांपुढे इंद्रधनुष्यासह. त्या सकाळी आकाश कोरं होतं. मी एका लाकडी दारापाशी थांबले. फळीखालून पाणी सुटत होतं, चरात उतरत होतं आणि नॅडरकडे परतत होतं. नॅडर इथून थोड्याच अंतरावर, कॅथीड्रलच्या मागे, एव्हनला मिळते.