पडद्याआडचं मूल

तीन वर्षांचं पोर खेळता खेळता थांबतं, पडद्याआड जातं, चवड्यांवर उभं राहून पाय आवळून घेतं. चेहरा लालबुंद. आई कळवळते, "जोर लावतोय बिचारा, पण होतच नाही." खरं तर तो जोर लावत नसतो, शी दाबून धरत असतो.

सुरुवात बहुधा एखाद्या दुखऱ्या शीने होते. तापानंतर, वरचं दूध वाढल्यावर किंवा शाळेतल्या संडासाच्या धास्तीने खडा होतो, जागा चिरते आणि मूल त्या दुखण्याला घाबरतं. इकडे मोठं आतडं अडकलेल्या मळातलं पाणी शोषतच राहतं. जितकं धरावं तितका खडा कडक, जितका कडक तितकी भीती मोठी. गुदाशय ताणून सैल पडतो, 'लागली' ही जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि मुलाला कळायच्या आत चड्डी खराब होते. घरचे जुलाब समजून ते बंद करायचं औषध देतात, नाहीतर "एवढा घोडा झालास तरी!" म्हणून धपाटा घालतात. यात मुलाचा काडीचाही दोष नसतो.

शी व्हावी म्हणून घातलेला पानाचा देठ किंवा साबणाची कांडी त्याच दुखऱ्या जागी टोचते आणि भीती आणखी वाढवते. डॉक्टर देतात ती पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर मळात पाणी धरून ठेवते. "सवय लागेल" म्हणून लोक ती आठवड्यात बंद करतात. तिची सवय लागत नाही, आणि ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. जेवण झालं की आतडं आपणहून हलतं. तेव्हा पायाखाली पाट देऊन मुलाला पाच-दहा मिनिटं निवांत बसवावं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावं.

रंगाचं म्हणाल तर बिटाने शी लाल होते, लोहाच्या औषधाने काळपट, केळ्याने तिच्यात जंतांसारखे काळे दोरे दिसतात. घाबरायचं कारण नाही. पांढुरक्या शीचं मात्र तसं नाही. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवडे उलटूनही उतरत नसेल आणि शी मातकट-पांढरी होत असेल, तर पित्त आतड्यात पोहोचत नसण्याची शक्यता असते. पित्तनलिका बंद असल्या तर त्यावरची कासाई शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा जास्त. कोवळं ऊन दाखवत बसण्यात यातलेच दिवस जातात. लंगोट उजेडात नेऊन रंग बघा आणि पांढुरका दिसला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.