कोविडनंतर पडून राहिलं की ताकद येते?

महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले ते ९ मार्च २०२० रोजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं. तिथून, ससून रुग्णालयातून किंवा खासगी आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला नातेवाईक बजावायचे, 'महिनाभर अजिबात हलायचं नाही.' माया खरी, पण सल्ला चुकीचा.

अंथरुणात ताकद भरून येत नाही, उलट झिजते. आयसीयूतल्या गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्के बारीक होतो, असं कोविडच्या आधीच, २०१३ मध्ये, लंडनच्या अभ्यासात दिसलं होतं. त्यात उपचारातल्या स्टिरॉइडची भर, तेही स्नायू अशक्त करतं. म्हणून फुप्फुसं सुधारली तरी कमोडवरून उठताना पाय लटपटतात. ऑक्सिजन सुरू आहे म्हणून उठायचंच नाही, हेही खरं नाही. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन स्थिर असले तर फिजिओथेरपिस्ट ऑक्सिजनच्या नळीसकट रुग्णाला आधी पलंगाच्या काठावर बसवतात, मग खुर्चीत, मग चार पावलं.

अर्थात, जितकं जास्त तितकं चांगलं असंही नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त हालचाल देऊन पाहणारी मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात फायदा दिसला नाही, त्रासाचे प्रसंग मात्र वाढले.

आता घरोघरी पोचलेल्या तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरबद्दल. कित्येक जण त्यात जोरात फुंकतात! व्यायाम श्वास आत ओढण्याचा आहे. सावकाश ओढायचा, क्षणभर धरायचा, मग नळी काढून सोडायचा. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवणं ही बहादुरी नव्हे.

सहा मिनिटं चालून ऑक्सिमीटर बघण्याचंही तसंच झालं. घरी असलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन चालल्यावर घसरतो का, हे वेळीच कळावं म्हणून ती चाचणी होती. ती पार पडली म्हणजे पर्वतीची टेकडी चढायचा परवाना मिळाला, असा अर्थ पुणेकरांनीच काढावा!

काहींना श्रमाचा थकवा लगेच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो अंग मोडून टाकतो. अशांनी जिद्दीने व्यायाम वाढवू नये. कामं तोडून करावीत, मधे विश्रांती घ्यावी. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिजन घसरला, तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावं.