यूरिक ॲसिड : सांधेदुखीपलीकडचा इशारा

पायाचा अंगठा सुजून ठणकू लागला की यूरिक ॲसिडची तपासणी होते. दुखणे थांबले की अहवाल पिशवीत जातो. त्याच पिशवीत लघवीच्या तपासणीचा कागद असतो. त्यावरील ‘पीएच’च्या आकड्याकडे तर सहसा कुणी पाहतच नाही. खरे तर हे दोन आकडे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या मेटाबॉलिक सिंड्रोमची चाहूल देऊ शकतात.

पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. हे जादा इन्सुलिन मूत्रपिंडाला यूरिक ॲसिड पुरेसे बाहेर टाकू देत नाही आणि ते रक्तात साठते. त्याच वेळी मूत्रपिंडात आम्लाचा जोर कमी करणारा अमोनिया कमी बनतो, त्यामुळे लघवी आम्लधर्मी होते. पीएच सतत ५.५च्या खाली राहिला तर यूरिक ॲसिड नीट विरघळत नाही आणि मुतखडा होऊ शकतो.

मात्र शहापूर, मुरबाडमध्ये हे आकडे जपून वाचावे लागतात. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही उन्हाळ्यात इथल्या अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उन्हात राबणाऱ्याच्या पोटात पाणी कमी गेले, तर लघवी घट्ट आणि आम्लधर्मी होते. रक्तातील यूरिक ॲसिडही वाढू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते. लघवीचा पीएच तर वेळेनुसार आणि जेवणानुसार बदलतो. त्यामुळे एका अहवालावरून निष्कर्ष काढू नये.

निदानाचे निकष वेगळे आहेत: कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५०पेक्षा कमी. पाचपैकी तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोम.

यूरिक ॲसिड वाढलेले दिसले तर आधी या पाच गोष्टी तपासाव्यात. तिशी ओलांडलेल्यांचा अर्ज भरताना आशाताई कंबर मोजतात. उपकेंद्रात रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. बैठे काम आणि दुचाकीमुळे चालणे सुटलेल्यांनी ही संधी दवडू नये.

दारू आणि गोड शीतपेये टाळावीत, वजन हळूहळू उतरवावे. डाळी सोडण्याचे कारण नाही. त्रास नसताना केवळ आकडा पाहून गोळी सुरू करू नये. लघवीची आम्लता घालवायला मनाने खाण्याचा सोडाही घेऊ नये. त्यातील सोडियम रक्तदाब वाढवू शकते. अंगठ्याचा ठणका थांबतो. कंबरेचा घेर मात्र न दुखता वाढत राहतो.