बागायती ट्रॅक्टर : विद्युत् व्यवस्था व दोषशोधन

फळझाडांच्या ओळींमधून चालविता येईल अशा, सामान्यतः १५ ते २५ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टराला बागायती ट्रॅक्टर म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात, विशेषतः पैठण तालुक्यातील मोसंबीच्या बागांत, आंतरमशागत व फवारणी यांसाठी तो उपयुक्त ठरतो.

डीझेल एंजिनात इंधन पेटते ते संपीडनाने तापलेल्या हवेमुळे. त्यासाठी विजेच्या ठिणगीची गरज नसते. त्यामुळे यांत्रिक इंधनपंप असलेले जुने एंजिन एकदा सुरू झाले, की विजेवाचूनही चालू राहते. बॅटरीचे भारण बंद पडले, तरी दिवसभराच्या कामात ते जाणवत नाही. दोष प्रकट होतो तो दुसऱ्या दिवशी स्टार्टर फिरेनासा झाल्यावर. अशा वेळी बॅटरीलाच दोष देऊन नवी बॅटरी बसविली जाते आणि मूळ दोष कायम राहिल्याने तीही लवकरच रिकामी होते. हा खर्च टाळण्यासाठी ठराविक क्रमाने मापन करणे आवश्यक असते.

रचना : १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो. डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात व नियामक त्याचा दाब मर्यादेत ठेवतो. अधिक जुन्या ट्रॅक्टरांत अल्टरनेटरऐवजी डायनामो असतो.

मापनाचा क्रम : (१) एंजिन काही तास बंद असताना पूर्ण भारित बॅटरीचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. तो १२·० च्या खाली असल्यास बॅटरी जवळजवळ रिकामी असते. प्रथम ती बाहेर भारित करून घ्यावी. पूर्ण भारित अवस्थेत घटांतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १·२६ ते १·२८ असते. एखाद्याच घटात ते बरेच कमी आढळल्यास तो घट निकामी समजावा. (२) स्टार्टर फिरत असताना दाब ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. दाब टिकूनही स्टार्टर मंद फिरत असल्यास अग्रांवरील गंज, सैल केबल किंवा सांगाड्याशी असलेली जोडणी तपासावी. (३) एंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीच्या अग्रांवर १३·८ ते १४·५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. दाब वाढतच नसेल, तर पट्टा, जोडण्या, वितळतार, अल्टरनेटर व नियामक या क्रमाने शोध घ्यावा. तो १५ व्होल्टच्या वर जात असल्यास नियामकात बिघाड असून जादा भारणाने घटांतील पाणी आटते.

किल्ली फिरविताच भारणदर्शक दिवा लागला पाहिजे व एंजिन सुरू होताच विझला पाहिजे. काही अल्टरनेटरांना आरंभीचा क्षेत्रप्रवाह याच दिव्यातून मिळतो. म्हणून क्षुल्लक वाटणारा दिवा जळाला, तरी भारण बंद पडू शकते. ट्रॅक्टर उभा असतानाच बॅटरी उतरत असेल, तर ऋण केबल सोडवून तिच्या व अग्राच्या दरम्यान अँपिअरमापक जोडावा व गळती करणारे मंडल शोधावे.

स्थानिक कारणे : मे महिन्यात या भागातील तापमान ४०° से. च्या वर जाते व घटांतील पाणी जलद घटते. ते भरण्यासाठी विहिरीचे पाणी वापरू नये. त्यातील लवणे पट्टिकांना अपायकारक असतात. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहिल्यास रिकाम्या बॅटरीतील पट्टिकांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक जमून तिची धारकता कायमची कमी होते. गोठ्यात ठेवलेल्या ट्रॅक्टराच्या तारांचे वेष्टन उंदीर कुरतडतात.

दक्षता : भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ विडी-काडी पेटवू नये. ऋण केबल प्रथम काढावी व शेवटी जोडावी. केबली उलट जोडल्यास डायोड जळतात. एंजिन चालू असताना बॅटरी सोडवू नये. अचानक वाढणाऱ्या दाबाने डायोड व नियामक निकामी होण्याचा संभव असतो.