घाटातला ब्रेक आणि एक लहानशी गोळी

मध्यंतरी प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर अकरावीचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत मागे रेंगाळला. त्याच्या वडिलांनी दारू सोडून दोन महिने झाले होते. मात्र जिवाची घालमेल होते म्हणून रोज रात्री ते एक गोळी घेत. "सर, बाटली गेली आणि गोळी आली. ती पाकिटे मी उद्या फेकून देऊ का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "मुळीच नको." असे का, ते आता पाहू.

आपल्या शहरातून चाळीसगावला जाताना कन्नडच्या पुढे औट्रम घाट लागतो. हा उतार उतरणारा, मालाने भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. त्याला जसा वेग आहे तसा ब्रेकही हवा. मेंदूतही अशीच जोडी असते. ग्लूटामेट नावाचे रसायन चेतापेशींना उत्तेजित करते, तर 'गाबा' त्यांना आवर घालते. गाबाचा रेणू पेशीवरील ग्राहीला चिकटला की एक सूक्ष्म दार उघडते आणि ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात. पेशीच्या आतील विभव अधिक ऋण होतो व ती सहजी संदेश पाठवीत नाही.

दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लूटामेटचा कमी करते. म्हणूनच पिणाऱ्याची भीती तात्पुरती ओसरते. परंतु मेंदू स्वस्थ बसत नाही. ब्रेकवर सदैव पाय आहे असे पाहून तो ब्रेकची पकड सैल करतो आणि वेगाची यंत्रणा बळकट करतो. अशा वेळी दारू एकदम बंद झाली तर काय होईल? गाडी सुसाट सुटेल! हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. पुढे भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून फार दिवस पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

येथे गोळी उपयोगी पडते. रोश कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध १९६० साली बाजारात आले, तर डायझेपाम १९६३ साली. या कुळाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. ही औषधे त्याच ग्राहीवर, पण वेगळ्या जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. दारूने सोडलेला ब्रेक ती काही दिवस धरून ठेवतात; डॉक्टर मात्रा रोज थोडी थोडी उतरवतात आणि मेंदूला सावरायला अवधी मिळतो.

खरी मेख यापुढेच आहे. जी गोळी दारूची जागा घेऊ शकते, तिची सवयही दारूसारखीच लागू शकते. ती महिनोन्महिने चालू राहिली की मेंदू पुन्हा ब्रेक सैल करतो. तीवर दारू घेतली तर श्वास मंदावून मृत्यूही येऊ शकतो. आपल्या शहरात पकडल्या जाणाऱ्या 'बटन' गोळ्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील; त्यांत पुष्कळदा याच कुळातील औषधे असतात. डायझेपाम व अल्प्राझोलाम यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचे बंधन औषध दुकानदारांवर मार्च २०१४ पासून आहे, ते याच कारणाने.

किरणोत्सर्गातील अर्धायुष्य तुम्हाला ठाऊक आहे. औषधांनाही ते असते. अल्प्राझोलामचे सुमारे १२ तास, तर डायझेपामचे सुमारे ४८ तास धरा. दोन दिवसांनी पहिल्याचा सोळावा भाग उरेल, दुसऱ्याचा निम्मा. पहिल्याचा उतार खडा, दुसऱ्याचा सौम्य. म्हणून पुष्कळदा डॉक्टर रुग्णाला आधी दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर आणतात आणि मग मात्रा कमी करत नेतात. यकृत खराब असेल तर मात्र असे औषध शरीरात साचते. तेव्हा लोराझेपामसारखे औषध निवडावे लागते.

मग घालमेलीचे काय? दारू सुटल्यानंतरची पुष्कळशी अस्वस्थता काही आठवड्यांत आपोआप ओसरते. जी उरते तो स्वतंत्र आजार असू शकतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर माणूस पुन्हा बाटलीकडे वळण्याची भीती असते. त्यासाठी सर्ट्रालिनसारखी, अशी चटक न लावणारी औषधे आहेत. ती गुण द्यायला काही आठवडे घेतात. विचारांची घडण बदलणारे समुपदेशनही उपयोगी ठरते. सोबत्यांचा आधारही मोठा असतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने तो अनेकांना दिला. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.

तेव्हा त्या मुलाला मी सांगितले : गोळ्या फेकल्यास तर वडिलांना झटके येऊ शकतील, आणि त्या तशाच चालू राहिल्या तर नवी बेडी पडेल. दोन्ही टाळायचे तर वडिलांसोबत डॉक्टरांकडे जा आणि दारूची हकीकत लपवू नका.

ते गेले. महिन्याभराने त्याने वहीतला आलेख मला दाखवला : आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा. रेषा पायरीपायरीने खाली येत होती. शेवटच्या पायरीवर त्याने काही लिहिले नव्हते. तिथपर्यंत अजून पोचायचे होते.