बारावीचं फिजिक्स काय मागतं?

दहावीला सूत्र पाठ असलं की बरंचसं निभावतं. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये तेवढ्यावर भागत नाही. लेखी परीक्षा 70 गुणांची, प्रात्यक्षिक 30 गुणांचं. लेखी परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. तेव्हा ते झरझर पाहण्याचा सराव हवाच. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांचीही डेरिव्हेटिव्हपासून सुटका नाही. सिंपल हार्मोनिक मोशनमध्ये विस्थापनावरून वेग आणि वेगावरून त्वरण काढायला तेच लागतं. म्हणून तर अकरावीच्या पुस्तकात गणिती पद्धतींचं वेगळं प्रकरण आहे. ते ऑप्शनला टाकू नये.

खरी कसोटी प्रयोगशाळेत. साध्या लंबकाची लांबी बदलत प्रत्येक वेळी वीसेक आंदोलनांचा वेळ मोजायचा, कारण एकाच आंदोलनात स्टॉपवॉच दाबण्यातली चूक फार मोठी ठरते. आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख सरळ रेषेत येतो; तिच्या चढावरून गुरुत्वत्वरण मिळतं. जर्नलमध्ये ते दरवेळी नेमकं 9.8 आलं, तर शंका येणारच. 9.6 आलं असेल तर तेच लिहावं, आणि फरक कशामुळे पडला हे तोंडी परीक्षेत सांगता यावं.