जुन्या यंत्रातला पंखा आणि बुशचं तेल

आज आपण ऑसिलोस्कोप, अ‍ॅम्प्लिफायर, पॉवर सप्लाय अशा जुन्या यंत्रांच्या पाठीमागे बसवलेल्या पंख्याबद्दल बोलू. हा पंखा अडकला तर काय होतं? बऱ्याचदा लगेच काहीच होत नाही. २३० व्होल्टवर चालणारी ही लहान शेडेड पोल मोटर जाम झाली तरी पुष्कळदा फ्यूज उडत नाही, यंत्रही चालूच राहतं. धोका तिथेच आहे. आत उष्णता साचत जाते आणि एक दिवस असा ट्रान्झिस्टर जातो, जो आज बाजारात शोधूनही मिळत नाही.

शिरपूरला हे लवकर घडतं. मे महिन्यात बाहेरच ४२-४४ अंश. यंत्राच्या आत आणखी १५ अंश वाढले की आपण साठीच्या घरात गेलो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. त्यात आपला मुलूख कापसाचा. जिनिंग किंवा सूतगिरणी जवळ असेल तर कापसाचे बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतात.

आता पंख्याच्या आत पाहू. शाफ्ट ज्या पितळी रंगाच्या बुशमध्ये फिरतो, तो ब्रॉन्झची भुकटी दाबून, भाजून केलेला असतो. त्यात बारीक छिद्रं असतात आणि त्यात तेल मुरलेलं असतं. म्हणजे बुश हा एक प्रकारचा धातूचा स्पंजच. शाफ्ट फिरून गरम झाला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत जातं. वर्षानुवर्षं हे चाललं की तेल घट्ट होऊन छिद्रं बुजतात. म्हणून आधी धुवायचं, मग तेल पाजायचं. नुसतं वरून तेल सोडलं तर काम चार दिवसांचंच.

प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा. पात्याला बोटाने टिचकी मारा. चटकन थांबलं तर तेल सुकलंय. शाफ्ट आडवा हलवून पाहा. तो खडखडत असेल तर बुश झिजलाय, तिथे तेलाचा उपयोग नाही. ब्लोअरने धूळ उडवताना पाती धरून ठेवा. क्लिप आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले, त्याचा फोटो काढा. शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. बुशही आतून तसाच पुसा, कापडाला काळं लागायचं थांबेपर्यंत.

तेल कोणतं, हे नेहमी विचारलं जातं. खोबरेल नको, थंडीत गोठतं, पुढे चिकट होतं. गंज सोडवणारा स्प्रे नको. त्यातला बराचसा भाग उडून जातो. ग्रीस छिद्रांत शिरत नाही. मोटरसाठी मिळणारं एसएई २० तेल घ्या. बुश सुटा निघत असेल तर तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून त्यात बुडवा. बुडबुडे येतील, म्हणजे हवा बाहेर पडतेय. थंड होताना बुश तेल ओढून घेतो. निघत नसेल तर दोन-तीन थेंब, थोडं थांबून पुन्हा दोन. वरचं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर पुन्हा तंतू चिकटतील.

यंत्रात बसवण्याआधी पंखा सिरीज दिव्यावर चालवून पाहा. मग हवेची दिशा पहिल्यासारखीच ठेवून बसवा. आणि दर वर्षी होळीच्या सुमारास, ऊन वाढण्याआधी, एकदा टिचकी मारून बघत जा.